डाकणीच्या पाटावर वाळलेलं आमचूर

तोरणमाळहून आलं की शहाद्यात सगळे दोनच गोष्टी विचारतात. तलावाला पाणी किती होतं, आणि डाकणीचा पाट पाहिला का. दुसरा प्रश्न जरा आवाज उतरवून विचारतात. तर सांगून टाकते: पाट मी पाहिला. त्यावर बसले, तिथलं पाणी प्याले, तिथे बसणाऱ्या बाईच्या घरी जेवले आणि झोपले. येऊन मला ताप आला नाही की दुकानातल्या धान्याला किडे लागले नाहीत. ज्यांना एवढंच ऐकायचं होतं त्यांनी इथेच थांबावं.

निघायच्या आधी घरात व्हायचं तेच झालं. आमचा धंदा धान्याचा आणि आमचुराचा. पणजोबा मारवाडातून आले तेव्हापासून हीच पेढी. उन्हाळ्यात डोंगरातल्या बाया कैऱ्या सोलून, फोडी वाळवून बाजाराला आणतात आणि आमच्यासारखे लोक ते आमचूर विकत घेतात. म्हणून आमचे हे म्हणाले, "तिथे काय पाहायचंय? आमचूर तर दुकानात रोजच बघतेस." मग म्हणाले, अमावास्या जवळ आलीय. मग म्हणाले, दोघी बायकाच? मी म्हटलं, दोघी बायकाच, आणि गाडी मी चालवणार. गाडी मी नातवंडं झाल्यावर शिकले, आणि घरात ते अजून कोणाला पचलेलं नाही.

दुसरी बाई म्हणजे शोभा. आम्ही शाळेत एका बाकावर होतो. ती लोणखेड्याच्या पाटलांची सून. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं आणि आता निवृत्त झाली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. तिला घ्यायला गेले तर बाई दारात तयार. हातात पाण्याची बाटली, आणि गाडीत बसायच्या आधी तिने पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली.

"शोभा, तू पोरांना चुंबक शिकवायचीस ना गं?"

"चुंबकनी गोट येगळी, घाटनी गोट येगळी," ती तिच्या अहिराणीत म्हणाली. "गाडी तू चालाडी ऱ्हायनी, मंग माले काहीतरी आधार नको का?"

घाट

म्हसावद मागे पडलं की सपाटीची शेतं संपतात आणि सातपुडा एकदम समोर येतो. एप्रिलअखेरीचा सातपुडा कोणी कॅलेंडरवर छापत नाही. साग निष्पर्ण, गवत जळालेलं, मधूनच एखादा महू, म्हणजे मोह, नव्या पालवीने तांबूस. हिरवे म्हणाल तर आंबे तेवढे. प्रत्येक झोपडीच्या दारात आंब्याचं झाड, आणि झाडाखाली बायका कैऱ्या सोलत बसलेल्या. सपाटीवर दुपारी आम्ही पडदे ओढून पंख्याखाली पडतो, इथे त्याच उन्हावर लोकांचं वर्ष निघतं.

सातपायरी घाटाच्या वळणांवर मी दोनदा गाडी बंद पाडली. मागून येणाऱ्या जीपवाल्याने मान बाहेर काढून विचारलं, "मावशी, मी काढून देऊ का वरपर्यंत?" मी म्हटलं, तू पुढे हो बाबा. तो पुढे गेला आणि पुढच्या वळणावर त्याच्याच इंजिनातून वाफ निघताना दिसली. शोभा म्हणाली, हसू नको, पाप लागी. मी वर पोचेपर्यंत हसले.

वर हवा गार. तलावाकाठी गरमागरम भजी खाल्ली, म्हणजे शोभाने खाल्ली. आम्ही जैन, कांदा-बटाटा-लसूण चालत नाही, म्हणून माझ्या वाट्याला मिरच्या आल्या.

पाट

डाकणीचा पाट तलावापासून थोडा दूर आहे. कड्याला लोखंडी कठडा आहे, आणि कठड्याखाली, चार माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहतील एवढ्या खोलीवर, एक मोठा सपाट काळा खडक दरीत पुढे आलेला आहे. तो पाट. कठड्याशी एक माणूस उभा असतो. आल्यागेल्याला गोष्ट सांगतो आणि देतील ते घेतो. त्याने आम्हालाही सांगितली. पूर्वी इथे एक डाकीण होती. तिने नजर टाकली की दुभत्या गायीचं दूध आटायचं. लोकांनी तिला धरून पाटावर आणलं आणि ढकललं. तेव्हापासून इथे येणाऱ्याने पाटावर एक दगड मारायचा, म्हणजे ती मागे लागत नाही.

गोष्ट ऐकून मला पहिल्यांदा वाटलं ते हे की ढकलणारे किती होते ते कोणी सांगत नाही. ढकलणारे लोक, ढकलली गेली बाई, आणि दगड मात्र बाईला.

"दगड घ्या ना, मॅडम," तो म्हणाला.

"मी नाही मारत."

"सगळेच मारतात. गंमत म्हणून."

तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या टोळक्यातल्या एका पोराने दगड भिरकावला. मी खाली वाकून पाहिलं. अर्धा खडक पांढरा दिसत होता. नीट पाहिलं तेव्हा कळलं, आमचूर वाळत घातलंय. आणि त्याच्या कडेला एक बाई पाठमोरी बसली होती. दगड तिच्यापासून हातभर अंतरावर पडला. तिने मान वळवली नाही. नुसता दगड उचलला आणि दरीत टाकला.

"तीच," गोष्ट सांगणारा म्हणाला. "आताची डाकीण. फोटो घ्यायचा तर घ्या, ती काही बोलत नाही."

त्या पोराच्या हातात दुसरा दगड होता. मी त्याचं मनगट धरलं. माझा आवाज दुकानात बसून तयार झालेला आहे, मापाडी आणि हमाल दोघांनाही पुरतो. तो सगळा मी त्या पोरावर खर्च केला. आईबाप कोण, कॉलेज कोणतं, खाली बसलेली बाई तुझ्या आईच्या वयाची आहे हे दिसतं का डोळ्यांना, सगळं विचारलं. तो सॉरी म्हणाला आणि टोळकं गाडीत जाऊन बसलं. गोष्टवाला म्हणाला, मॅडम, तुम्ही माझं गिऱ्हाईक घालवलंत. मी म्हटलं, हो.

मग मी पायवाट विचारली. शोभा कठडा घट्ट धरून उभी होती.

"कांता, मी काय तठे उतरस नही. तू जाय."

"आणि माझं काही झालं तर?"

ती विचारात पडली. मग बाटली काखेत मारून माझ्यामागे उतरली. तोंडाने काहीतरी पुटपुटत होती, ते विज्ञान नव्हतं.

बाईचं नाव रुमलीबाई. डोंगरातली पावरा आदिवासी बाई, चांदीचे जाड गोठ घातलेली. वयाने आमच्याएवढीच असेल. तिने मला पाहिलं आणि म्हणाली, "शहादानी शेठानी ना? तुमनं दुकान माले माहित शे. बठ."

मी बसले. खडक तव्यासारखा तापला होता आणि खालून दरीतला वारा सारखा येत होता. मी एक फोड उचलली, मोडली. खरं सांगते, इतकं पांढरं आमचूर आमच्या दुकानात मोसमात एखाददुसऱ्या वेळीच येतं. कैरीला लोखंडाची सुरी लागली की फोड काळवंडते, म्हणून जुन्या बाया शिंपल्याने सोलतात. पण नुसतं सोलून भागत नाही. ऊन आणि वारा दोन्ही लागतं, शेळ्या नि कोंबड्या लांब लागतात.

"आठे शेळ्या येतस नही, पोरं येतस नही," ती म्हणाली. "कोनीच येत नही. डाकीणनं भेव शे ना सगळास्ले. मन्हा आमचूरले तेच बरं."

आणि मग तिने सांगितलं की ह्या आमचुरानेच ती डाकीण झाली. मागच्या उन्हाळ्यात ऐन मोसमात ढग आले. पाड्यातल्या सगळ्यांचं आमचूर अंगणात काळं पडलं, हिचं पाटावरच्या वाऱ्याने पांढरं राहिलं. बाजारात एका व्यापाऱ्याने हिच्या मूठभर फोडी सगळ्यांसमोर धरली आणि बाकीच्या बायांना म्हणाला, बघा, माल असा असतो. तुमचा हा कचरा. ही आमच्या धंद्यातली जुनी खोड आहे. एकीचा माल दाखवून दहाजणींचा भाव पाडायचा. व्यापारी भाव पाडून घरी गेला, आणि त्या दहाजणी हिच्याकडे पाहत डोंगर चढल्या. पाड्यात बोलणं सुरू झालं, ही आमच्या मालातला पांढरेपणा ओढून घेते.

यंदा तिच्या दिराचं वासरू मेलं. दिराची बायको जमनी बडव्याकडे गेली. बडवा म्हणजे दाणे पाहणारा भगत. तो पाण्यात ज्वारीचा दाणा सोडतो आणि एकेक नाव घेतो. ज्या नावाला दाणा तरंगेल ती डाकीण. रुमलीच्या नावाला तरंगला. अहो, किडका दाणा तरंगतोच. हे आमच्या दुकानातलं मांजरसुद्धा सांगेल.

"आता काय म्हणतात?"

"बोकड दे आनि पाट सोड. नही ते पाडा सोड." तिने फोडी हाताने पालटल्या. "मी पाडा सोडा तर दारना आंबा कोना? दीरना."

नवरा नाही, मुलगी लांब दिलेली. घर आणि दारातले आंबे एवढंच तिचं. उद्या सकाळी त्याच्या निकालासाठी पाडा सभेला बसणार होता.

"मग बोकड देऊन टाक ना, बाई," शोभा हळूच म्हणाली. "कटकट तर मिटी."

रुमलीबाईने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "बोकड दिधा म्हंजे मीच कबूल व्हयनी, मी डाकीण शे. मंग पुढला साल कोन्ही गाय मरी, तव्हय काय देऊ?"

मी म्हटलं, कायदा आहे, पोलिसांकडे जाऊ, मी येते बरोबर. ती म्हणाली, "पोलीस एक रोज येतीन. माले आठे रोज ऱ्हानं शे."



अंगण

विश्रामगृहातली खोली आम्ही सांगून ठेवली होती. ती तशीच राहिली. मी रुमलीबाईला म्हटलं, आम्ही तुझ्याकडे राहतो, चालेल का? ती म्हणाली, तुले चाली का ते पाहाय.

तिचं घर पाटाच्या खाली, उतारावरच्या पाड्यात. कुडाचं, कौलारू, आतून इतकं स्वच्छ की मी चपला आणखी लांब काढल्या. सूर्य बुडायच्या आत जेवायचं आणि लसूण नको म्हटल्यावर तिने कारण विचारलं. मी सांगितलं, जमिनीखालचं उपटताना जीव मरतात, म्हणून आम्ही खात नाही. तिने मक्याची भाकर थापता थापता विचार केला आणि म्हणाली, "शेठानी, लसूण खातस नही, आनि आमना मालनं वजन मातर खाई जातस."

मी इतकी हसले की ठसका लागला. आमच्याकडे पाहुण्याला असं कोणी बोलत नाही. आमच्याकडे पाहुणा गेल्यावर बोलतात.

उडदाची डाळ, त्यात आमचुराचा आंबटपणा, मक्याची भाकर, कच्ची मिरची. मी दोनदा मागून घेतलं. शोभाने पान पुढ्यात घेतलं पण हात घालेना. मी मारवाडीत पुटपुटले, ते तिला कळत नाही पण सूर कळतो.  रुमलीबाईने शोभाच्या पानातली भाकर मोडली, एक घास स्वतः खाल्ला आणि उरलेली परत ठेवली. शोभा लाजेने लाल झाली. मग जेवली. सगळं जेवली.

कुंपणापलीकडे पाड्यातल्या बाया येऊन पाहून जात होत्या. शहाद्याची शेठाणी रुमलीच्या हातचं खातेय, ही बातमी आमच्याआधी सगळीकडे पोचली होती. एक तरुण बाई बराच वेळ उभी होती. रुमलीबाई म्हणाली, ती जमनी.

अंथरुणावर पडल्यावर शोभा म्हणाली, "कांता, माले भेव नव्हतं वाटत. सवय शे, एवढंच."

"कसली सवय?"

"लोके सांगतीन तठून दूर ऱ्हावानी."

सभा

सकाळी आभाळ भरून आलं होतं. पाड्यातला प्रत्येक माणूस आधी वर पाहत होता आणि मग एकमेकांकडे. मोसम असा की रात्रीतून कैऱ्या चिरून प्रत्येकीच्या पाट्या भरलेल्या. पुरुष महूखाली बसले, बाया आपापल्या पाट्या जवळ घेऊन मागे. बोलणं पावरीत. दुकानात बसून बसून मला ती कळते, बोलता येत नाही, म्हणून इथे मराठीत सांगते.

म्हाताऱ्या कारभाऱ्याने बडव्याचं सांगितलं, वासराचं सांगितलं. दिराने आमचुराचं सांगितलं. मी उठून माझं बोलले. किडक्या दाण्याचं, वाऱ्याचं, कायद्याचं. कारभाऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग थेट माझ्याशी अहिराणीत बोलला.

"शेठानी, तुम्ही आज शेतस, सकाय नहीत. आनि एक सांगा. मी ऊस तोडाले खाले येस, लगीनं पाह्यी लेस. तुमनाकडे नवरा मरेल बाईले हळद लावू देतस का?"

 मला मारवाड्यांचंही आठवलं आणि पाटलांचंही. उत्तर शोभाने दिलं. बसल्या जागेवरून दिलं, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात.

"नही देतस. मन्हा पोऱ्याना लगीनमा मी दारना मांगे हुभी व्हती. मन्हाच पोऱ्या. तेबी खोटं शे आनि हाईबी खोटं शे. मी तव्हय बोलनी नही, आज बोली ऱ्हायनी."

 मला तिचा हात धरायचा होता, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. कारभाऱ्याने मान खाली घातली, काडीने माती उकरली. आणि तरी शेवटी म्हणाला तेच: अमावास्येच्या आत बोकड आणि पाट सोडायचा, नाहीतर पाडा सोडायचा. गोष्टीत घडतं तसं तिथे काही घडलं नाही. लोकांना वाईट वाटलं, आणि निकाल तोच राहिला.

रुमलीबाई उठली. पदर खोचला, आपली फोडींची पाटी डोक्यावर घेतली.

"कुठे?" दिराने विचारलं.

"पाटावर. माझा आंबा चिरलेला आहे."

आणि ती सगळ्यांच्या मधून गेली. कोणी उठलं नाही. पायवाट महूपासूनच वर जाते, त्यामुळे ती चढताना सगळ्या सभेला दिसत होती. आम्ही दोघी मागोमाग निघालो. आणि आमच्या मागे पावलं वाजली. मला वाटलं कोणी अडवायला आलं. वळून पाहिलं तर जमनी. डोक्यावर पाटी. मागून तिचा नवरा ओरडत होता, आणि ती न थांबता म्हणाली, "तुमचं बोलणं संपेपर्यंत माझ्या फोडी काळ्या पडतील. अंगणात वारा नाही."

पाटावर वारा होता. रुमलीबाईने फोडी पसरायला घेतल्या. जमनी खडकाच्या कडेशी येऊन थांबली. पुढचं पाऊल टाकेना.

"बडव्याला दाण्यासाठी माझं नाव कोणी दिलं?" रुमलीबाईने वर न पाहता विचारलं.

"मी."

"आणि आज?"

जमनीने पाटी खाली ठेवली. वरच्या थरातल्या फोडी कडेने तांबूस व्हायला लागल्या होत्या. ती रडेल असं मला वाटलं, पण ती रडली नाही. "आज माल जातोय," ती म्हणाली.

रुमलीबाई उठली. आपल्या ओल्या फोडी दोन्ही हातांनी ओढून अर्धा पाट मोकळा केला, वाऱ्याच्या बाजूचा. मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बस. पण आधी खाली ओरडून सांग, कुठे बसतेस ते. नाव घेऊन सांग."

जमनीने खाली पाहिलं. महूखाली सगळे माना वर करून उभे होते, तिचा नवरा, कारभारी, पाट्या घेतलेल्या बाया.  ती खडकाच्या अगदी टोकाला गेली आणि घसा फाटेल अशी ओरडली, "मी जमनी! मी रुमलीच्या शेजारी बसलेय! कोणाला बोकड हवा असेल त्याने वर यावं आणि आधी माझ्याकडे मागावा!"

 खाली बायांमधली एक वाकली, तिने आपली पाटी उचलली आणि ती पायवाटेला लागली.